मिरचीची आंघोळ

सकाळी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले आणि पहिली शिंक आली. शेजारच्यांनी जुन्या नऊवारीवर लाल मिरची पसरली होती. दुसरी शिंक येईपर्यंत समजलं की हंगाम लागला. जळगावात कोणाला उन्हाळा उन्हाने कळतो, कोणाला केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या की कळतो. मला तो नाकाने कळतो. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाचं नाक जन्मभर त्याच्या ताब्यात नसतं.

चांगल्या वाळलेल्या मिरचीचा वास खरं तर फार सुरेख असतो. तिखटपणा नंतर येतो. आधी येतो तो उन्हाचा, थोडा गुळचट, नव्या तंबाखूच्या जवळपास जाणारा वास. तो मला मनापासून आवडतो. पण पुढच्याच श्वासाला त्याच्या मागून दुसरा एक वास येतो. तो शेजारच्या गच्चीवर नसतो, माझ्या डोक्यात असतो. ओलं गोणपाट कोंदट खोलीत टाकावं आणि विसरून जावं, तसा आंबूस वास. इतकी वर्षं हा माझा आणि माझ्या नाकाचा खासगी मामला होता. यंदा तो छापील पाकिटावर आला, म्हणून लिहायला बसले आहे.

पाकीट आमच्याच घरचं. धुळ्याला आमची मिरची-मसाल्याची पेढी आहे. नाव सांगत नाही. धुळ्याच्या बाजारात ते सांगावंही लागत नाही. आजोबांनी ती सुरू केली तेव्हा शिंदखेड्याकडच्या खेड्यांतून मिरची, भुईमूग आणि उडीद बैलगाडीने यायचा. पुढे माझ्या वडिलांनी आणि काकांनी ती वाढवली. आता माझा चुलतभाऊ किशोर ती चालवतो. तिला पेढी म्हटलेलं त्याला आवडत नाही, कंपनी म्हणावं लागतं. तर कंपनीच्या खानदेशी काळ्या मसाल्याचं नवं पाकीट त्याने मला कुरियरने पाठवलं. मातकट रंगाचा जाड कागद, वर उघडझाप करायची पट्टी, मधोमध डोक्यावरून पदर घेतलेल्या एका म्हाताऱ्या बाईचा फोटो. फोटो माझ्या आत्याचा होता, अक्काचा. खाली वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: 'पिढ्यानपिढ्या पहाटेची आंघोळ घातलेल्या मिरचीचा, अक्कांच्या हातचा मसाला.'

मी ते वाचलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. हात साबणाने धुतले. मग खुर्चीत बसून हसायला लागले, आणि हसता हसता उठून पुन्हा हात धुतले.

आंघोळ म्हणजे काय ते सांगायला हवं. खडखडीत वाळलेली मिरची पोत्यात दाबून भरताना मोडते, तिचं बी गळतं. म्हणून भरण्याआधी तिच्यावर पाण्याचा हलका हात मारतात. तेवढं सगळेच करतात आणि त्यात वावगंही काही नाही. पण पाण्याला वजन असतं आणि ते विकत घ्यावं लागत नाही, त्यामुळे हलका हात जड व्हायला वेळ लागत नाही. आमच्याकडे पहाटे अंगणात मिरचीचा ढीग पसरला जायचा. पिकावर औषध मारायचा पंप पाठीला लावून एक माणूस त्याच्याभोवती फेऱ्या घालायचा, आणि मिरची अक्षरशः न्हाऊन निघायची. लाल, तुकतुकीत, फुगीर. त्या वेळी ती इतकी देखणी दिसायची की पाहत राहावं. बिघाड आत असायचा आणि तो दिसायला दोनचार दिवस जावे लागायचे.

या प्रकाराला आंघोळ हे नाव अक्कानेच दिलं होतं.

अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच काळात तिचा नवरा गेला आणि ती सोनगीरचं सासर सोडून धुळ्याला माहेरी परतली. कोणाच्या उपकाराखाली दिवस काढायचा तिचा स्वभाव नव्हता. तिने मागच्या पडवीत काळा मसाला करायला घेतला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, लवंग, आणि आमच्याच ढिगातली, पण पाणी न लागलेली, तिने स्वतः निवडून बाजूला काढलेली मिरची. सगळं वेगवेगळं भाजायचं, वेगवेगळं निवू द्यायचं. मिरची घेऊन येणारे शेतकरी जाताना तिचा मसाला मागायला लागले, मग ट्रकवाले, मग धुळ्यातली नोकरदार घरं. आजोबांनी आणि त्यांच्या मुलांनी पोत्याने माल विकला, पण पेढीचं नाव लोकांच्या स्वयंपाकघरात गेलं ते अक्काच्या मसाल्याने. आता कंपनीवाले ज्याला 'स्पेशालिटी फूड' म्हणतात ते हेच.

तिच्याबद्दल कोणाचा गैरसमज नको. प्रेमळ, सोशिक वगैरे ती कधीच नव्हती. तोंडाची फटकळ, रागाची कडक. माझ्या आईशी तिचं एका चुलीवर कधी पटलं नाही. मी अभ्यासाला बसले की माझ्यासमोर लसणाची टोपली आदळायची आणि म्हणायची, "डोयासले काम शे, हातसले काय व्हयनं?" माझं निम्मं शिक्षण लसूण सोलता सोलता झालं आहे. आजही एखादी जुनी कविता शिकवताना माझ्या बोटांना लसणाचा वास येतो.

तर एका पहाटे अंगणात पंप चालू होता. माझे काका, ज्यांना सगळे नाना म्हणत, कमरेवर हात ठेवून देखरेख करत होते. अक्का ओट्यावर आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "घाला, मिरचीले आंघोय घाला. मंग कुकू बी लावा, लगीन शे ना तिनं."

तिने ते टोचून म्हटलं होतं. पण नानांना ते इतकं आवडलं की ते खो खो हसले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच अंगणात हाक दिली, "चला, आंघोळ उरकून घ्या." अक्काच्या बोलीतला 'आंघोय' असा पेढीवर चढला आणि शुद्ध मराठीत 'आंघोळ' झाला. परगावच्या व्यापाऱ्यासमोर, एखाद्या अधिकाऱ्यासमोर बिनधास्त बोलता येईल असा शब्द त्यांना आयता मिळाला. "माल तयार आहे का?" "आंघोळ बाकी आहे." ऐकणाऱ्याला वाटायचं, घरातलं कोणीतरी न्हाणीघरात आहे. ज्या शब्दाने त्यांना लाज वाटायला हवी होती, तोच त्यांनी अंगावर ओढून घेतला आणि त्याखाली सुखाने झोपले.

आमच्या घराण्याचा इतिहास म्हणजे अशाच गोड शब्दांचा इतिहास आहे. गेल्या वर्षीचा उरलेला माल नव्या मालात मिसळला तर त्याला 'सोबत देणे' म्हणायचे. जुन्याला एकटं वाटू नये म्हणून. फिक्या पडलेल्या मिरचीला तेलाचा हात फिरवून चमक आणली की 'नटवली' म्हणायचे. एखादं पोतं वास मारायला लागलं तर ते 'नाराज' झालेलं असायचं आणि त्याची समजूत काढावी लागायची, म्हणजे ते दळून टाकावं लागायचं. आमच्याकडे खोटं कोणी बोलत नसे. खोटं बोलायची वेळच येऊ नये अशी भाषा आम्ही तयार केली होती. लहानपणी मला ही भाषा फार लाघवी वाटायची. पुढे मी कॉलेजात मराठी शिकवू लागले आणि वर्गात शब्दांचं सौंदर्य वगैरे बोलायची पाळी आली, की मध्येच ही पोती डोळ्यांसमोर उभी राहायची आणि बोलणं अडखळायचं.

ज्या हंगामाचा वास माझ्या नाकात बसला आहे, तो माझ्या बारावीच्या परीक्षेचा. आमच्याकडे परीक्षा आणि मिरची दरवर्षी हातात हात घालून येत. अंगणात ढीग, पडवीत ढीग, जिन्याखाली पोती. देठं खुडायला बायका बसायच्या, हातांना तेल चोपडून, तोंडाला पदर गुंडाळून. त्या नुसत्या डोळ्यांनी एकमेकींशी भांडायच्या आणि हसायच्या. खिडक्यांना आई ओल्या चादरी लावायची. तरी पुस्तकाच्या पानांवर लालसर धूळ बसायचीच आणि पान उलटून डोळा चोळला की पुढचा तास गेला. परीक्षेच्या खोलीत माझ्या पुढे-मागे बसलेल्या मुली शिंकायच्या. पर्यवेक्षक बाईंनी एकदा माझ्याजवळ येऊन हुंगून पाहिलं आणि मला खिडकीपाशी बसवलं. मला तेव्हा त्याची शरम वाटली नव्हती. आपल्या अंगाला आपल्या घराचा वास येतो, यात शरम कसली?

त्या वर्षी आंघोळ जरा जास्तच झाली. इंदूरकडे मोठा माल जायचा होता, नाना खुशीत होते आणि पंप सकाळ-संध्याकाळ चालू होता. पोती भरली, शिवली, थप्पी लागली. आणि आभाळ आलं. उन्हाळ्याच्या तोंडावर अवकाळी पाऊस, गारा, आग्रा रोडवर झाडं पडलेली. ट्रक आलाच नाही. बंद खोलीत न्हालेली मिरची पोत्यांत कोंडून पडली. आधी खोलीच्या दाराशी उबदार वाटायला लागलं. पोत्यात हात घातला तर आतून ऊब लागायची, आजारी माणसाच्या अंगासारखी. मग तो वास आला.

पोतं फोडलं तेव्हा मी तिथे होते. मराठीचा पेपर देऊन आले होते आणि चप्पलसुद्धा काढली नव्हती. मिरची वरून लालच होती. माझ्या वडिलांनी, त्यांना आम्ही सगळी मुलं भाऊ म्हणत असू, एक मिरची उचलून मधोमध मोडली. आत राखाडी लव होती. मऊ, दाट, उंदराच्या पोटावर असते तशी. बियांना ती चिकटली होती आणि मोडल्याबरोबर बारीक धूर निघावा तशी तिची भुकटी उडाली. भाऊंनी दुसरी मोडली, तिसरी मोडली. मग ते मोडायचे थांबले, हात धोतराला पुसले आणि आत निघून गेले. माझ्या वडिलांनी आयुष्यात जे जे चुकीचं होताना पाहिलं, त्या प्रत्येकाच्या वेळी ते असेच आत निघून गेले. ते आता नाहीत. त्यांच्यावर माझा फार जीव होता, आणि तरीही ती पुसलेली बोटं आठवली की मला त्यांचा राग येतो.

नाना मात्र आत गेले नाहीत. "नाराज आहे. दळून टाका," ते म्हणाले.

दळल्यावर राखाडी दिसत नाही. रंग दाबता येतो, तेल फिरवता येतं. फक्त वास लपत नाही, आणि वास लपवायला अक्काच्या काळ्या मसाल्याइतकी चांगली जागा सगळ्या धुळ्यात नव्हती. धणे, खोबरं, लवंग, दगडफूल. त्यात काय खपणार नाही? तिने निवडून ठेवलेली मिरची बाजूला सारून ही पूड तिच्या मसाल्याच्या घाण्यात घातली गेली. ती त्या दिवशी नात्यातल्या कोणाच्या तरी लग्नाला शिरपूरला गेली होती.

अक्काची एक रीत होती. मसाला पुड्यांत भरण्याआधी ती त्यातला चिमूटभर भाकरीवर घ्यायची, वर शेंगदाण्याचं कच्चं तेल सोडायची आणि सगळ्यांसमोर खायची. आधी मालकिणीने खायचं, मग गिऱ्हाईकाने. नाना या रीतीची थट्टा करायचे. शिरपूरहून आल्यावर तिने नेहमीप्रमाणे भाकरी मागवली आणि पेढीवरच उभ्याने घास तोंडात घातला. मी दारात होते. तिचं चावणं हळू झालं, मग थांबलं. नाकपुड्या फुगल्या. समोर पांढरीशुभ्र गादी होती, जिच्यावर आजोबा बसत, जिची दिवाळीला पूजा होई, जिच्यावर आम्हा मुलांना पाय ठेवायची परवानगी नव्हती. अक्का तिच्यावर थुंकली.

पांढऱ्या खोळीवर तो काळपट लाल डाग पसरत होता आणि सगळे डागाकडेच बघत होते.

"अक्का, गादीवर थुंकलीस?" नानांचा आवाज कापत होता. मसाल्याबद्दल नव्हे, गादीबद्दल.

"थुंकाले दुसरी जागा दिखनी नही मले," अक्का म्हणाली. तिने पदराने जीभ पुसली. "हाई तू बठ्ठा गावले खावाडशी का?"

नानांनी गड्याला हाक मारून खोळ काढायला लावली. खोळ धुतली गेली, नवी चढली, उदबत्ती लागली. मसाला तसाच पुड्यांत भरून गेला.

अक्काही गेली. दुसऱ्या दिवशी पाटा, वरवंटा आणि कपड्यांची पेटी घेऊन ती सोनगीरला, नवऱ्याच्या बंद पडलेल्या घरात राहायला गेली. नंतर पेढीची पायरी ती चढली नाही. लग्नकार्याला यायची, मांडवात बसायची, जेवायची नाही.

या सगळ्यात मला सर्वांत किळस कशाची येते ते सांगते. कोणालाही काही झालं नाही. कोणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही, कोणी पुडी परत आणून तोंडावर मारली नाही. लोकांनी तो मसाला आमटीत घातला, मटणात घातला, बोटं चाटली आणि पुन्हा मागवला. वर्षभर नाना आल्या-गेल्याला म्हणत होते, "बघा, कोणाचं काही बिघडलं का?" बिघडलं होतं ते त्यांचंच, पण ते राखाडी लवेसारखं आतल्या अंगाला होतं आणि वरून माणूस लाल, तुकतुकीत दिसत होता. पुढे आंघोळ दरवर्षी होत राहिली आणि मसाल्यावर अक्काचं नावही तसंच राहिलं.

आता हा शब्द पाकिटावर कसा चढला ते. किशोरने जाहिरातीसाठी पुण्याची एक मुलगी बोलावली होती. हुशार असावी. तिने सगळं फिरून पाहिलं, फोटो काढले आणि मग दारात खुर्ची टाकून बसलेल्या नानांना विचारलं, "आजोबा, तुमच्या घराण्याची अशी खास परंपरा काय?" नाना आता फार थकले आहेत. नातवंडांची नावं विसरतात. पण आंघोळ विसरलेले नाहीत. डोळे मिटून, गालातल्या गालात हसत त्यांनी सांगितलं की आमच्याकडे पहाटे मिरचीला आंघोळ घालायची पद्धत होती. मुलीने ते लिहून घेतलं. तिला बिचारीला त्यात तुळशीवृंदावन, सडा-रांगोळी आणि ओले केस दिसले असणार.

तिचा दोष नाही. किशोरला मी फोन केला.

"अरे, तुला आंघोळीचा अर्थ माहीत आहे ना?"

"माहीत आहे की, ताई. पण वाचायला किती ऑथेंटिक वाटतं बघ. पुण्या-मुंबईच्या लोकांना आवडलं."

"आणि धुळ्याच्या?"

"धुळ्याचे काय, हसतात. परवा एका व्यापाऱ्याने विचारलं, पाकिटाबरोबर साबण फुकट आहे का म्हणून. हसू देत. धुळ्यात मसाला विकायचाच कोणाला आहे?"

टोमण्याचा सांकेतिक शब्द झाला होता, आता सांकेतिक शब्दाचा वारसा झाला. एका घराला एवढं जमतं, हे बघून मला कौतुक वाटलं असतं, जर ते घर माझं नसतं तर. त्याच फोनवर किशोरने मला एक काम सांगितलं. "ताई, तू मराठीची प्राध्यापक. कंपनीचा इतिहास लिहून दे ना. आजोबांपासून. छोटंसं पुस्तक काढायचंय, पाकिटाबरोबर द्यायला." बघते म्हणाले, आणि पाकीट पिशवीत घालून अक्काला दाखवायला सोनगीरला निघाले.

एरंडोल, पारोळा मागे टाकत बसमध्ये मी विचार करत होते की तिला दाखवावं की नको. ऐंशी ओलांडलेली बाई. कशाला तिच्या डोक्याला ताप? पण तोंड तिचं होतं, आणि ते कुठे कुठे फिरतं आहे हे तिला कळायलाच हवं होतं. दर हंगामात मी तिच्याकडे जातेच. ती बाजेवर बसून हुकूम सोडते, मी भाजते, आणि आमच्यापुरता बरणीभर मसाला होतो. तिचे हात आता चालत नाहीत. नाक पूर्वीसारखंच चालतं. धणे जरा जास्त झाले की स्वयंपाकघरात न येता तिथूनच ओरडते.

तिने पाकीट लांब धरून पाहिलं. मी तिला अक्षरं वाचून दाखवली. 'आंघोळ' आल्यावर तिने मला परत वाचायला लावलं.

"हाऊ शब्द मन्हा शे," ती म्हणाली.

"हो."

"तोंडबी मन्हंच."

"हो, अक्का."

मला वाटलं, शिव्या घालील. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पाकीट पालथं करून बाजेवर ठेवलं, म्हणजे फोटो खाली गेला. "जे मी थुकी टाकं, ते मन्हा तोंडवर लायी दिनं तेस्नी," ती म्हणाली. "शब्द ऱ्हाऊ दे तेस्ले. मन्हं तोंड काढी टाक म्हना. मरानं पहिले काढी टाक म्हना, माय." तिने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आवाज मऊ करून बोललेलंही मला आठवत नाही. त्या मऊ आवाजाने मी हलले.

मी किशोरला तिथूनच सांगितलं की इतिहास लिहीन, पण पाकिटावरून अक्काचा फोटो जायला हवा. त्याने थोडी कुरकुर केली, मग कबूल झाला. मीही शब्द पाळला. आंघोळीसकट सगळं लिहिलं, गादीवरच्या डागासकट. तो म्हणाला, "ताई, छान उतरलंय. जरा मोठं झालंय. पुण्याची मुलगी छोटं करेल." छोटं झाल्यावर त्यात आजोबांची बैलगाडी, शेतकऱ्यांशी असलेलं नातं आणि पहाटेची आंघोळ एवढंच उरलं. मला आश्चर्य वाटलं नाही. आमच्या घरात माल असाच निवडतात.

मागच्या आठवड्यात मी सोनगीरला होते तेव्हा किशोर तिथे आला. नवं पाकीट घेऊन. अक्काचा फोटो खरोखरच काढला होता. त्या जागी दुसरी एक म्हातारी होती, नथ, हिरवा चुडा, पिकलेले केस, आणि गालभर हसू. "कोण रे ही?" मी विचारलं. "कोणीच नाही," तो म्हणाला. "कॉम्प्युटरने बनवलीय. खऱ्या माणसांची कटकटच नको." अक्काने पाकीट हातात घेऊन नीट पाहिलं. आपलं तोंड त्यावर नाही याची खात्री केली आणि मोठा श्वास सोडला. मग किशोरला म्हणाली, "हात धुई ये. मंग जेवाले बठ."

कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती, कांदा होता, आणि नुकत्याच केलेल्या मसाल्याची उडदाची आमटी. किशोर मांडी घालून बसला आणि जेवला. त्याच्या कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, तरी तो वाढून घेत होता. लहानपणी जेवायचा तसाच. त्या वेळी तो मला मनापासून आवडला, हेही लिहिलं पाहिजे. वाटी पुसून खाल्ल्यावर तो म्हणाला, "अक्का, यातला थोडा मसाला बांधून दे ना. मागच्या वेळी नेलेला संपला. घरी पोरांना दुसरा चालत नाही."

त्याला आपण काय बोललो ते कळलंसुद्धा नव्हतं. त्याच्या गोदामात मसाल्याच्या थप्प्या लागलेल्या, आणि त्याच्या पोरांना दुसरा चालत नाही.

अक्काला मात्र कळलं. "देस ना," ती म्हणाली. "बठ्ठी बरणी लई जाय. पन पहिले हाई पाकीट फोड. मन्हासमोर भाकरवर चिमूटभर ले आनि खाई दखाड."

किशोर हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला. ताटात भाकरीचा एक तुकडा उरला होता, तेलाची वाटी शेजारीच होती. त्याने पाकीट हातात घेतलं. वरच्या पट्टीवर अंगठा ठेवला. मी त्या अंगठ्याकडे बघत होते आणि खरं सांगते, मला वाटत होतं की त्याने खावं. चिमूटभर खाल्लं असतं तर माझ्या घराण्याबद्दल मी काहीतरी बरं लिहिलं असतं. त्याने घड्याळात पाहिलं. उशीर झाला म्हणाला, गाडी उन्हात उभी आहे म्हणाला, अक्काच्या पाया पडला आणि बरणी न घेता गेला. पाकीट ताटाशेजारी राहिलं.

अक्काने ते उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि त्या हसऱ्या म्हातारीकडे पाहिलं.

"हाई बी खात नही," ती म्हणाली. "तेन्हामुये हासस."

मग तिने मला ते पाकीट अंगणात नेऊन ठेवायला सांगितलं. घरात वास नको म्हणाली.